तंबाखूचं पाणी

चिन्नीच्या कानामागे गोचिडी,
एरंडाच्या बीसारख्या, टम्म.

विडी घरकुलात दर दाराला एक वैद्य.
इरम्मा म्हणाली, कडुलिंबाचा पाला उकळ,
गार करून अंघोळ घाल.
घातली. नळ पाचव्या दिवशी येणार होता.
मालक म्हणाले, माणसांना तांब्या अन् कुत्रीला बादली?
दोन दिवस चिन्नीही माझ्याशी बोलली नाही.

मग करंजाचं तेल,
जोडबसवण्णा चौकातून, पन्नास रुपयांचं.
खाजवून सोललेल्या जागी हळद नि खोबरेल.
ते तिनं चाटून टाकलं.
तिच्या जिभेला औषध कळत नाही, खोबरं कळतं.

गोचिडी कमी झाल्या. संपल्या नाहीत.
भूमव्वा जिन्यावरूनच हसली,
घरात तंबाखू, अन् गोचिडीला भितीस?

खरंच की.
सुपाच्या तळाची भुकटी मूठभर भिजवली,
कोऱ्या चहासारखं पाणी उतरलं.
मानेला चोळलं, पोटाला, बोटांच्या बेचक्यांत.
गोचिडी टपाटप गळल्या.
मी चार विड्या बांधल्या नसतील,
चिन्नीच्या तोंडाला तार सुटली.
मागचे पाय तिचे राहिले नाहीत.

रिक्षावाला आधी नको म्हणाला,
मग तोंड बघून बसवलं. कुणाचं, ते कळलं नाही.

डॉक्टर पोरगेलासा. काय लावलं?
मी म्हटलं, झाडपाल्याचं.
त्यानं तिची मान हुंगली.
कुठल्या झाडाचा?

हातमोजे चढवून
साबणानं तीनदा धुतली, सलाईन लावलं.
धुता धुता सांगत होता,
कडुलिंब चालेल मावशी, चाटू देऊ नका फक्त.
तंबाखू नको. कातडीतून आत जातं. विष आहे.

मी माझे हात पदराखाली घेतले.
एकतीस वर्षं, दिवसाला हजार, छाट वेगळी.
थोरलीला अंगावर पाजलं तेव्हाही
दुसऱ्या मांडीवर सूप होतं.
मोज्यांचं मला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही कुणाला विचारलं नव्हतं.

चिन्नी वाचली.
गोचिडी आता चिमट्यानं काढते,
दाराच्या उजेडात, एकेक.
आधी हात शिकेकाईनं घासते, नखं लिंबाच्या सालीनं.
नखांचा पिवळा जात नाही.
हाक मारली की ती येते,
लांबूनच हात हुंगते,
थांबते,
मग ठरवते.