तानूबाईंची बशी

पहाटे साडेतीनला इनक्यूबेटरचं दार उघडते.
सदतीस अंश. बाहेर नेहरूनगरात धुकं,
वॉचमनने पेटवलेल्या शेकोटीचा वास.
बशीतल्या पेशी अजून आकुंचन पावताहेत
कुणाच्याही छातीत नसलेल्या.

शिवलीला मोजते, ओंदु, एरडु, मूरु.
मी मनात एक, दोन, तीन.
वहीत बेचाळीस.

दमलेलं हृदय चरबी जाळणं कमी करतं,
साखरेवर येतं.
हे मी आलेखासकट छापलं.
निपाणीच्या तानूबाई हुंदरे
आधीच बोलून गेल्या होत्या:
‘चार वाजलं की वखारीत हातपाय गळत्यात बघा.
मग गुळाचा खडा, आन् परत तंबाखूची चाळण.’

संमतीपत्र कन्नडमध्ये होतं, मी वाचून दाखवलं.
शाईचं पॅड बाजूला सारून
त्यांनी सही केली, मराठीत, जोडाक्षर नसलेलं नाव
जोडाक्षरासारखं जपून.
‘रक्त किती घेनार?’
चमचाभर.
‘एवढ्यात काय कळतंय तुम्हास्नी?’

त्या चमच्याला मी आधी
रक्त असणं विसरायला लावलं,
मग हृदय व्हायला शिकवलं. सहा महिने लागले.
तोवर वॉर्डातली त्यांची खाट
दुसऱ्या कुणाला मिळाली होती.

आज माध्यम बदलायचं. साखर शून्य,
नुसती मेदाम्लं. प्रयोग मीच तसा लिहिलाय.
‘हाकली एनरी?’
घालू का, शिवलीला विचारते,
पिपेट बशीवर धरून.

भिंतीवरच्या घड्याळात
चार वाजायला आलेत.