मल्हारगंज, जागा क्रमांक सतरा

यादीत एकूण बेचाळीस जागा होत्या.
सतरावी मल्हारगंजात,
सार्वजनिक मुतारीच्या भिंतीला खेटून.
नकाशावर तिचा हिरवा ठिपका इतका सुबक
की वास येत नव्हता.

अर्थिंगचा खड्डा नऊ फूट.
त्यात आम्ही कोळसा ओतला, वर मीठ,
परत कोळसा, परत मीठ.
चाळण्या विकणारी गेंदाबाई उठून आली,
वाकून बघितलं, म्हणाली,
"कंई, नजर उतारी रिया हो?"
मी हो म्हटलं.
विजेचंही तसंच असतं, जास्तीचं जे होईल ते
जमिनीला देऊन टाकावं लागतं.

मग यंत्र आलं, पांढरं, प्लास्टिक गुंडाळलेलं.
फीत कापली, पेढे संपले,
आणि वीज आली नाही.
रोहित्राच्या वाढीव भाराची फाईल
आमच्याच खात्यात, या टेबलावरून त्या टेबलावर
सात महिने चालत राहिली.
चालतच. तिला कुठली गाडी.

त्या सात महिन्यांत
यंत्राला कुणीतरी शेंदूर लावला,
कुणी शिकवणीची जाहिरात डकवली,
इस्त्रीवाल्याने केबलच्या आकड्याला हँगर अडकवले.
खरं सांगू? इतकं सार्वजनिक
ते नंतर पुन्हा कधी झालं नाही.

वैशाखातल्या एका मंगळवारी, रात्री दीडला,
एकदाचा दिवा लागला.
तपासायला गाडी हवी. या वेळी गाडी कुठली?
कोपऱ्यावर सरवनलाल सापडला,
आपल्याच ई-रिक्षात आडवा, पाय बाहेर.
"फुकट आहे, मॅडम?"
"आजची रात्र."

चौदा टक्के. पंधरा.
यंत्राला घाई नव्हती, आम्हालाच सवय नव्हती.
पेट्रोलपंपावर कोण बोलतं? मागचा हॉर्न मारतो.
इथं सरवनने तंबाखू मळली आणि सांगू लागला,
बाणगंगेत एक खोली, एक मीटर,
खिडकीतून ओढलेली वायर.
गाडी लावली की पंखा बंद.
दोन्ही लावले तर फ्यूज जातो
आणि घरमालक खाली येतो.
पोरगी नववीत. वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत
एका हातानं पानं उलटते.
"तिला म्हटलं, गाडी पोटासाठी आहे.
तर म्हणते, आणि पंखा?"
म्हणून रोज इथंच लवंडतो दोन वाजेपर्यंत.
जेवढा उशीर, तेवढा तिला वारा.

मी नोंदवहीत लिहिलं:
प्रवाह स्थिर, तापमान ठीक, तक्रार नाही.
पुढे रकाना नव्हता.

एकसष्ट टक्क्यांवर त्याने घरी फोन लावला.
बराच वेळ वाजला.
"येतोय मी," तो म्हणाला, "नाही, ऊठ नको.
बंद करू नको. अगं, चालू राहू दे.
हो, सकाळपर्यंत."
पलीकडे बहुतेक तिचा विश्वास बसला नसावा.
तो तीच तीन वाक्यं पुन्हा बोलला,
मग काही न बोलता
फोन माझ्या कानाजवळ धरला.

आधी नुसती खरखर.
मग पाती.
बेअरिंगला तेल हवं होतं,
कर्र, कर्र, कर्र.