दहा तेत्रीची लिफ्ट

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीत
वर जायला लिफ्ट दहा तेत्री घ्यायची.
उतरताना फुकट.
उतरणाऱ्याकडून काय मागायचं, आई म्हणायची.

दाराशेजारी पत्र्याचा डबा ठोकलेला,
त्याची फट इतकी अरुंद
की हातमोज्यातून नाणं निसटायचंच,
मग दोघीतिघी बटाट्यांच्या पिशव्यांसकट
खाली वाकून चाचपडायच्या.
शेजार म्हणजे काय ते मला तिथं कळलं,
वाकलेली असताना.
डब्यावर नेहमी दोनचार नाणी पडलेली,
कुणाची ते कुणी विचारत नसे.

बटणं पोरांनी सिगारेटनं डागलेली.
आठाचं तर वितळून ओघळलंच होतं;
आठव्यावरची एतेरी नऊ दाबायची
आणि एक जिना उतरून घरी यायची,
तीस वर्षं.
उतरणं फुकट होतं ना.

सातावर नेलपॉलिशचा एक टपोरा थेंब.
झिजला की आई त्यावर दुसरा चढवायची,
मग तिसरा. लाल टेकडीच झाली ती.
सातव्यावरच्या जुंबेरला दिसत नाही,
तो पियानोच्या तारा जुळवतो.
त्याचं बोट त्या टेकडीवर अलगद टेकायचं,
सा सापडल्यासारखं.

मी शिकले. कंपनीत लागले.
तिथं भिंती पांढऱ्या, आणि ‘वापरणारा’ हा शब्द
दिवसातून चाळीस वेळा.
वापरणारा उंच असतो, घाईत असतो,
त्याचे हात रिकामे आणि कोरडे.
मी त्याच्या हातात कधी बटाटे दिले नाहीत.
त्याच्यासाठी मी एक पॅनल आखलं,
काळंभोर, काचेचं, आकडे आतून उजळणारे.
फट नाही, खिळा नाही, उंचवटा नाही.
बैठकीत कुणीतरी हात फिरवून म्हणालं,
लोण्यासारखं.
रात्रभर मला झोप आली नाही, आनंदानं.

ते आमच्याच इमारतीत बसलं, मार्चमध्ये.

आईचा फोन आला. लिफ्ट सुरेख आहे, म्हणाली.
मग मावशीच्या गुडघ्याचं बोलली, मग पाण्याच्या बिलाचं.
मग म्हणाली, जुंबेर हल्ली खाली उभा असतो.
कुणाची वाट बघतो?
कुणाचीही.

रविवारी गेले. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहिले.
काच सगळीकडे सारखीच गार.
आणि शोधायला बोट लावलं
की तेच दाबणं ठरतं.
तीन लागलं. पाच लागलं. दोन, नऊ.
दार उघडे, कांदा परतल्याचा वास येई,
दार मिटे.
कुठल्याशा मजल्यावर एक कुत्रा भुंकला
आणि गप्प झाला,
मला ओळखत असावा.
सात काही लागला नाही.

आई दारात उभी होती, हातात गोंदाची ट्यूब.
काचेवर नको, म्हणाली,
काचेला हात लावला की ती ऐकून टाकते.
काचेशेजारच्या स्टीलच्या पट्टीवर
साताच्या रेषेत तिनं एक जुनं दहा तेत्रीचं नाणं बसवलं
आणि अंगठ्यानं दाबून धरलं,
चौथ्या मजल्यावरचा मुलगा शंभर मोजेपर्यंत.
नाण्यापासून एक बोट उजवीकडे.
एवढंच.
जुंबेरनं दोनदा करून पाहिलं,
तिसऱ्यांदा बोलत बोलत केलं.

वरती एक सूचना लावलेली आहे:
पॅनलवर किंवा त्याच्या चौकटीवर
काहीही चिकटवू नये.
अक्षरं सुबक आहेत. मीच निवडली होती.

थंडीत गोंद सुटतो.
नाणं पडतं, घरंगळत कोपऱ्यात जातं,
आणि पुन्हा कुणीतरी पिशव्यांसकट वाकतं.

कंपनीत मी अजून काही बोललेले नाही.
परवा नव्या पॅनलचा आराखडा उघडला
आणि बराच वेळ
पट्टीची रुंदी
एका नाण्याएवढी करत बसले.