हाकेच्या अंतरावर

मासेरूहून आलास, बस. त्या दगडावर नको,
तो फोनचा दगड आहे. त्यावर उभं राहिलं
आणि वारा दक्षिणेचा असला, तरच इथे माणसाचा आवाज येतो.

तुझ्या कागदावर एक रकाना आहे म्हणतोस,
दवाखान्यापर्यंतचं अंतर, किलोमीटरमध्ये.
माझ्याकडे किलोमीटर नाहीत, बाळा.
माझ्याकडे ही पांढरी पिशवी आहे, तिच्यात क्षयाच्या गोळ्या,
हातमोज्यांचा एक जोड, दोनदा धुतलेला,
आणि एकोणीस वर्षं हा डोंगर चढून उतरलेले गुडघे.

धडधाकट माणसाला एक सकाळ लागते.
म्हाताऱ्या लेबोनाला दोन सकाळी, आणि मधली रात्र
कुणाच्या तरी मेंढरांत.
गोळ्या संपल्या म्हणून गेला होता.
तिथेही संपल्या होत्या.
मग ते अंतर कसं धरायचं? जाऊन-येऊन?
की नुसतं जायचं?

लिही, लिही. मी थट्टा करत नाही.

आता मापोलोकोचं.
आमच्यात सून घरात आली की तिला नवं नाव देतात,
अजून न झालेल्या लेकराची आई म्हणून.
पोलोको म्हणजे सुखरूप.
सुखरूपची आई झाली ती एकोणिसाव्या वर्षी,
कुशीत काही नसतानाच.
नवरा रस्टेनबर्गच्या खाणीत, जमिनीच्या पोटात.

दवाखान्याशेजारी एक खोली आहे,
दिवस भरत आलेल्या बायांसाठी. आठ खाटा, एक चूल,
पीठ ज्याचं त्याने न्यायचं.
मी म्हटलं, जा. ती म्हणाली, मका खुरपून झाला की.
सासू म्हणाली, माझे सहा याच जमिनीवर झाले.
मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.
हे तुझ्या कागदावर कुठे बसतं, बघ.

जानेवारीत नदी फुगते.
रात्री रक्त सुरू झालं. घोड्यावर बसवेना.
तेव्हा घराचंच दार उचकटलं, निळं, पत्र्याचं,
दोन घोंगड्या टाकल्या, तिला निजवलं,
चौघांनी उचललं. मी पुढे, बॅटरी घेऊन.
उतारावर तिने एकदाच विचारलं,
खुरपं आत ठेवलं का.

उजाडता उजाडता नदी.
पलीकडे लिकेलेली नर्स उभी. फोन लागला होता, तेवढा एकदाच.
तिच्या हातात पेटी, पेटीत रक्त थांबवणारं इंजेक्शन,
मधे चाळीस पावलांचं तपकिरी पाणी,
मुळासकट झाडं नेणारं.

ती ओरडत होती, मी ऐकत होते.
'पोट' ऐकलं. 'दाब' ऐकलं. 'सोडू नको' ऐकलं.
किती वेळ, ते पाण्याने नेलं.
मी दाबत राहिले.
मूल रडलं, तेव्हा पलीकडच्या बाईने गुडघे टेकले.
तिला वाटलं, झालं.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं.
मापोलोको दवाखान्यात पोहोचली, वहीत तशी नोंद असेल,
त्याच दारावर.
दाखला तिथेच मिळतो.

दार परत बिजागरीवर बसवलंय. जरा वाकडं लागतं.
पोलोको आता अडीच वर्षांचा, दिवसभर तेच उघडतो, ढकलतो,
आजी आतून शिव्या देते, आणि हात धुवायला म्हणून
बराच वेळ बाहेर जाऊन बसते.

तर तुझा रकाना.
जवळ असलं की आपण म्हणतो ना, हाकेच्या अंतरावर?
तसं लिही.
आकडाच हवा असेल तर चाळीस.
पावलं म्हणू नकोस,
पावलं कुणी टाकलीच नाहीत.

आणि हे बघ, तिकडे गेलास की हातमोज्यांचं विचार.
गेल्या खेपेच्या पोरालाही सांगितलं होतं.
त्यानेही लिहून घेतलं होतं.