आठ-नऊ नसलेले आकडे

तामगावच्या माळावर सकाळी सव्वासहाला
खोक्यातून पंख काढले, जोडले,
प्रत्येक नटावर लाल रंगाचा ठिपका दिला.
उडवणार इर्शाद शिकलगार.
माझ्याकडे फक्त हे:
काडेपेटीएवढा ट्रान्सपॉन्डर, पोटाखाली बोटभर अँटेना,
आणि लॅपटॉपवर आकड्यांसाठी चार चौकटी.

टॉवरनं आकडे दिले. चार दोन सात एक.
मी परत म्हणून दाखवले. पलीकडून नुसतं "बरोबर".
यात आठ नसतो, नऊ नसतो,
सातानंतर पुन्हा शून्य.
का, म्हणून शिकताना विचारलं होतं.
दत्तवाडे सर म्हणाले, तीन ठोक्यांत तेवढंच मावतं रे.

यंत्र अजून गवतात, चाकाला दहिवर,
आणि उंची सांगतंय एकोणीसशे ऐंशी फूट.
खोटं नाही. हवेच्या दाबावरून, समुद्रापासून मोजतं ते.
म्हणजे गंगावेशीतला दूधकट्टा,
हौद्यात मातीला छाती टेकून पडलेला पैलवान,
भाजी मंडईत पाट्या उतरवणाऱ्या बायका,
सगळेच दोन हजार फुटांवर,
आणि कुणाला गरगरत नाही.

उडालं. उसाच्या वर गेलं, चिमणीच्या वर गेलं,
मग ठिपकाही राहिला नाही.

ट्रान्सपॉन्डरला एकच रीत,
आपणहून बोलायचं नाही.
कुठल्यातरी डोंगरावरची थाळी फिरता फिरता विचारते, कोण?
हा म्हणतो, चार दोन सात एक.
किती वर?
तेही सांगतो.
आत सीट नाही, माणूस नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही,
तरी प्रत्येक फेरीला न चुकता उत्तर.

मला हे काम जमतं. जुनी सवय आहे.
डिप्लोमाला पहिल्या तासाला इर्शाद कधीच नसायचा,
शिरोलीच्या फाउंड्रीतली रात्रपाळी संपवून
खोलीवर काळ्या नखांनी झोपलेला असायचा.
सर म्हणायचे, सत्तेचाळीस.
मी घसा बसल्यागत करून म्हणायचो, हजर.
रिकाम्या बाकावरून दोन वर्षं हजर.

"चार दोन सात एक, तुम्ही दिसत नाही."

टॉवरचा आवाज शांतच होता, तो तसाच असतो.
मी चौकटी बघितल्या. आकडे बरोबर.
अँटेना, बॅटरी, सगळं हिरवं.
मग कोपऱ्यातला तो शब्द दिसला, स्टँडबाय,
राखाडी, बारीक, अकरा मिनिटं तिथंच बसलेला.
बटण मीच दाबायचं होतं.
अकरा मिनिटं आमचं यंत्र आभाळात
हजेरी न लावता हिंडत होतं,
आणि तिरुपतीचं विमान
सत्तर माणसं आणि त्यांचे लाडू घेऊन
उजळाईवाडीकडं निघालं होतं.

इर्शाद काही बोलला नाही.
फक्त यंत्र खाली घेतलं, पश्चिमेला वळवलं,
जसं कुणी वाटेतली सायकल बाजूला घ्यावी.

मी दाबलं.
"ओळख द्या," टॉवर म्हणाला. ते दुसरं बटण.
ते दाबलं की दूरच्या पडद्यावर
हजार ठिपक्यांतला आपला एक ठिपका जरा जास्त उजळतो, एवढंच.
"दिसला," टॉवर म्हणाला.
माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

सत्याप्पा गवळी मघापासून बांधावर बसून ऐकत होता.
"आत कोन बसलंय?"
कोण नाही.
"मग जाब कोन देतंय?"
मी त्याला चार आकडे सांगितले, आठ-नऊ नसतात तेही सांगितलं.
तो हसला. "माज्या तर नऊ हायत.
शेवटची कशी मोजायची तुमच्यात?"
आणि उभा राहून म्हशींना एकेकीच्या नावानं हाक घातली.
आठ माना वर आल्या.
नववी चरतच राहिली, ओढ्याकडेला, पाठमोरी.
ऐकू येत नाही का तिला?
"येतंय की," तो म्हणाला.
"पर तिला म्हाईत हाय, मी बघतोय."

आठ वाजले. विमान उतरलं.
इर्शादनं नोंदवही माझ्याकडं सरकवली.
रकाना होता: ट्रान्सपॉन्डर, सुरू केल्याची वेळ.
पेन हातात धरून मी बराच वेळ
त्या नवव्या म्हशीकडं बघत होतो.