ओवी म्हणजे दार

डिसेंबरात ओउलूचा सूर्य दुपारी दोनला दुकान बंद करतो.
गुरुवारी साडेसहाला आम्ही चौघं
माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो
आणि मी म्हणते : तुमच्यासमोर एक दार आहे.

बस, एवढंच लागतं.
पेन्सिली, चौकटींचा कागद, वेलदोड्याचे पाव,
आणि वीस बाजूंचा तो फासा,
एका कोपऱ्यावर इल्पोच्या कुत्र्याचे दात उमटलेला.

मला यंत्रांचा तिटकारा आहे असं समजू नका.
दिवसभर मी त्यांच्याच पोटात हात घालून असते,
सोल्डरचा धूर मला कॉफीइतकाच प्यारा.
घरात दिवे माझ्या पावलांनी उजळतात,
सॉनाची भट्टी फोनवरून पेटते,
दूध कधी नासणार ते फ्रिजला ठाऊक
(मला नाही, कालसुद्धा नव्हतं).

पण गेल्या मंगळवारी माझं दार म्हणालं,
"अपडेट सुरू आहे. कृपया थांबा."
उणे सव्वीस. हातात कांद्यांची पिशवी.
अकरा मिनिटं.

टेबलावरचं कुठलंच दार असं बोलत नाही.
ते विचारतं : तू काय करतेस?
मग लाथ घाला, गयावया करा,
बिजागरीला लोणी फासा.
वेन्लानं एकदा दाराला कोडं घातलं होतं.
दार हरलं.

माझी तक्रार म्हणाल तर एवढीच :
घरातली यंत्रंही फासे टाकतात,
पण मूठ उघडत नाहीत.
नकाशा आज लांबच्या पुलावरून का नेतो,
बँकेचं ॲप माझा चेहरा ओळखायला का नकार देतं,
दान काय पडलं ते कुणी दाखवत नाही.
"काहीतरी चुकलं," एवढंच.
काय? कुणाचं?
इथं एक पडला तर चौघांना दिसतो,
चौघं कपाळाला हात लावतात,
आणि गोष्ट बहुतेक तिथूनच रंगते.

आता काउको.
वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं फोनच्या कारखान्यात
अँटेना जुळवल्या. मग कारखाना गेला, कान गेले,
आधी काय गेलं ते तो सांगत नाही.
खेळात तो सतरा वर्षांची चोरटी पोर आहे, नाव ठिणगी.
त्याची श्रवणयंत्रं मीच लावून दिली :
बशांची खणखण कमी, माणसं जास्त,
आणि पाखरांसाठी वेगळं बटण.
त्या बटणावर तो आठवडाभर खूश होता,
हिवाळ्यात पाखरं नसतात हे लक्षात येईपर्यंत.

त्या गुरुवारी, भुयाराच्या तळाशी,
दोन्ही यंत्रं एकदम गतप्राण.
चार्ज करायला विसरला होता.
इल्पो उठला वायर शोधायला.
काउकोनं त्याची बाही ओढून त्याला बसवलं
आणि माझ्या ओठांकडे पाहत राहिला.
आमच्या भाषेत दाराला ओवी म्हणतात :
आधी ओठ गोल, मग रुंद.
ते कुणालाही वाचता येतं.

"ठिणगी दाराला कान लावते,"
तो म्हणाला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
फासा घरंगळला, बशीला थडकला.
एकोणीस.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.
कुणाला सांगणार?
तो डोळे मिटून, गाल टेकवून,
टेबलाच्या लाकडाला कान लावून बसला होता.
वेन्लानं चावता चावता पाव थांबवला.

"तिघं आहेत," काउकोच म्हणाला, आता हळू.
"एकाला सर्दी आहे.
आणि आत, लांब कुठंतरी,
कुणीतरी पाणी उकळत ठेवलंय."

माझ्या वहीत दोनच पहारेकरी होते.
मी तिसरा लिहिला.
किटलीसुद्धा.