लाकडी बुटातलं नाणं

विब्रेनच्या फोनला कडेला तीन खटके आहेत.
नखाने सरकवायचे, चष्मा लावून.
एक खाली केला की फोन बहिरा,
दुसरा केला की आंधळा,
तिसरा केला की तो फोनच राहत नाही,
आणि मी दुकानात उभी राहून विचारत असते
बटाटे आणू का, अरे, बटाटे आणू का,
पलीकडे कोणी नाही.

भिंतींना कान असतात हे सगळेच म्हणतात.
याने स्क्रू काढून पाहिले.
टीव्हीतून एक निघाला, मसुरीच्या दाण्याएवढा,
तो बशीत ठेवून मला दाखवला.
दारावरची घंटा आता दोरीची आहे.
राउटर त्याने स्वतः जोडला, बिस्किटांच्या डब्यात,
तापला की अजून लोण्याचा वास येतो.
या घरात ऐकून घेणारी वस्तू एकच उरली आहे,
आणि तिला बटाटे आणायचे असतात.

एकतीस वर्षं तो कालव्यावरच्या पुलावर होता.
होडी आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा,
गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट
झुलवत न्यायचा होडीवरच्या माणसापर्यंत.
माणूस बुटात नाणं टाकी, हात हलवी, जाई.
कुठला, कुठे निघाला, सोबतची बाई कोण,
बूट विचारत नसे.

मग खांबावर चार कॅमेरे आले.
पूल आता लेवार्डनहून उघडतो.
तिथे एक मुलगा खोलीत बसून बावीस पूल उघडतो,
होडीचा नंबर होडीच्या आधी पोचलेला असतो.
बूट विब्रेन घरी घेऊन आला.

त्याच हिवाळ्यात खेळ सुरू झाला.
आधी नुसता निळा चौकोन, त्याला तो पाणी म्हणे.
मार्चपर्यंत त्यावर लाटा आल्या, लव्हाळी आली,
मे महिन्यात बूट.
खेळ एवढाच: होड्या येतात, बूट झुलवायचा,
वारा असतो, नाणं चुकलं तर पाण्यात पडतं
आणि होडीवरचा माणूस हसतो.
हसू माझ्या भावाचं आहे,
आमच्याच स्वयंपाकघरात टिपलेलं, मागे किटली शिट्टी घालते.
जिंकणं नाही. संध्याकाळ होते, बस.

सगळा कोड त्याने उघड्यावर ठेवला.
न्यावा, मोडावा, जोडावा,
अट एकच, पुढच्याने मागितला तर हात आखडता घ्यायचा नाही.

किती जण खेळतात?
माहीत नाही.
मोजत असशील ना पण?
मोजायचं म्हणजे दारात बसून बघायचं, कोण आलं ते.

मला राग आला. दोन वर्षं,
गुडघ्यांवर घोंगडी, रात्री दीड-दीडपर्यंत,
आणि कोणी खेळतं का याचाही पत्ता नाही?
तो म्हणाला, पुलाखालून गेले त्यांचा तरी कुठे होता.

गुरुवारी एक दुरुस्ती आली.
नाव 'बगळा'. कुठल्या गावचा, बाई की बाप्या, काही नाही.
अकरा ओळी आणि खाली टीप:
'संध्याकाळी बुटाची सावली पश्चिमेला पडते.
पूर्वेला हवी. रोज नजरेस पडतं, म्हणून कळवलं.'

विब्रेनने ते तीनदा वाचलं.
मग खिळ्यावरचा बूट काढला, काठी घेतली
आणि जेवण टाकून पुलावर गेला.
मी मागोमाग, हातात सोलायची सुरी तशीच.
चौसष्ट वर्षांचा माणूस चार कॅमेऱ्यांखाली
रिकाम्या पाण्यावर बूट झुलवत होता.
खांबावरच्या भोंग्यातून लेवार्डनचा मुलगा म्हणाला,
काका, पुलावर मासेमारीला बंदी आहे.

सावली पूर्वेला होती.
लांब, पार लव्हाळ्यापर्यंत.
बघ, विब्रेन म्हणाला, मला की मुलाला कुणास ठाऊक,
एकतीस वर्षं मी नाण्याकडेच बघत होतो.

रात्री त्याने त्या अकरा ओळी जोडल्या,
आभाराच्या यादीत लिहिलं: बगळा.
मी विचारलं, रोज नजरेस पडतं म्हणजे काय रे,
खेळातला बूट, की कुठेतरी अजून खरा एखादा?

उत्तर नाही.
पडद्यावर माझा भाऊ हसला, किटली वाजली,
मी सवयीने गॅस बंद करायला उठले.